गॉलच्या कडेची काळी रेघ

डिग्ना मेली ती नकाशावर डोकं ठेवूनच. अँटवर्पमधल्या गोसेनच्या छापखान्यात प्राचीन रोमनांच्या जगाचे नकाशे निघत आणि डिग्ना ते घरी बसून रंगवायची. तीन दिवस पोटात आग, ओकाऱ्या, आणि चौथ्या दिवशी खेळ खलास.

संशय गेला बहिणीवर, टॅनेकेवर. तीही रंगारीणच. रोजची पेज तिच्याच हातची, आणि दोघींची भांडणं अख्ख्या गल्लीला पाठ. शहराचा अंमलदार लीवेन याने तिच्या बोटांना लोखंडी पेच लावून ते आवळले. गोसेन ज्यावरून नकाशे छापायचा तो प्रसिद्ध जुना रोमन पट खोटा आहे, असं काहीबाही ती आधी ओरडली. मग तिनं कबुली दिली. शुक्रवारी फाशी ठरली.

पण लीवेनला चैन पडेना. विष कुठलं घातलं, हे त्या बाईला सांगताच येत नव्हतं. गुरुवारी तो डिग्नाच्या टेबलाशी गेला. नकाशावर गॉल प्रांताची कड हिरवी, शेजारच्या जर्मेनियाची पिवळी. दोन्ही रंग भिडले होते तिथे रेघ काळी पडली होती. त्याने गोसेनला बोलावून घेतलं.

"पिवळा कुणी घोटला?"

"तिनंच असेल, नाहीतर बहिणीनं. मी तांब्यावर नकाशे कोरणारा माणूस, साहेब. रंगातलं मला काय कळतंय?"

"केशराचाच ना?"

"केशराचाच."

लीवेनने कुंचला त्या पिवळ्यात बुडवून पुढे केला. "मग याला टोक काढा. बायका काढतात तसं, ओठांनी."

गोसेनचा हात वर आलाच नाही.

"केशरात हरताळ आहे," लीवेन म्हणाला. "जहर. तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाला टेकला की दोन दिवसांत काळा पडतो. हे प्रत्येक रंगारणीला ठाऊक असतं. टॅनेकेनं हरताळ घातला असता, तर हिरव्याशेजारी तो चुगली करणार हे तिला कळलं असतं. तुम्हाला कळलं नाही. टॅनेके ओरडली ते खरंच होतं. तुमचा जुना पट डिग्नानंच कांद्याच्या सालींच्या पाण्यात बुडवून जुना केला होता, आणि ती आता तोंड उघडणार होती. बरोबर?"

"तिचा हात फार चांगला होता हो," गोसेन पुटपुटला. तीन दिवस रोज येऊन तो तिचं कौतुक करत होता, ती कुंचला चाटत असताना.

शुक्रवारी गोसेन तुरुंगात गेला, टॅनेके बाहेर आली. लाजेनं मेल्यासारखा झालेला लीवेन दारात उभा होता. त्याने डिग्नाचा कुंचला तिच्या हातात ठेवला. चेचलेली बोटं मिटलीच नाहीत. कुंचला खाली पडला.

"उचला," ती शांतपणे म्हणाली. "मला आता येत नाही."