वीस वाव खोलीचे मासे

"डॉक्टरबाई, टाक्यांत विष कालवलंय. कालवणारी बाईही सापडलीय. तुम्ही फक्त या आणि कागदावर सही करा."

मॅनेजर म्सिस्काचा हा फोन आला तेव्हा लिनिली कांबलामे लापशीचा पहिला घास घेत होती. तिने ताट झाकून ठेवलं. मेलेले मासे बघायचे असले की ती उपाशीच जायची. सालिमा जिल्ह्याची पशुवैद्य होऊन अकरा वर्षं झाली होती, पण माशांच्या बुळबुळीची किळस काही गेली नव्हती. लोक तोंडावर हसायचे. हसू देत, ती म्हणायची, ज्याला किळस येते तोच नीट बघतो.

म्सिस्काचं केंद्र सरोवराच्या काठावरच होतं. इथले रंगीत मासे जिवंत पकडून परदेशी धाडायचे, तिथले लोक ते काचेच्या पेटीत ठेवून बघत बसणार. शेडच्या दारातच लिनिलीने नाक दाबलं. मेलेले मासे दोन बादल्यांत भरून ठेवले होते. पोटं टम्म फुगलेली, खवले उभे राहिलेले, डोळे बाहेर आलेले. वरून माश्या घोंगावत होत्या.

"हे इथे का ठेवलंय?"

"पुरावा," म्सिस्का ऐटीत म्हणाला. त्याने बुटांना चिखल लागू नये म्हणून पिशव्या बांधल्या होत्या. "दोनशे चाळीस. आठवड्याभरात. गुरुवारी टाक्यांजवळ ब्लीचची रिकामी बाटली मिळाली. बाटली एस्नार्टची. दुपारी पोलीस येतायत, नेतील तिला."

"तिने कबूल केलंय?"

"पाच दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीय. चोराला आणखी कसं ओळखायचं?"

एस्नार्ट भिंतीशी उलट्या क्रेटवर बसली होती. चाळिशीची, काटक. नऊ वर्षं ती या टाक्या सांभाळत होती. हात मांडीवर उघडे ठेवले होते, मीठ आणि ब्लीचने सोललेले, पण स्वच्छ.

लिनिलीने आधी टाक्या पाहिल्या. बारा होत्या. प्रत्येक टाकीत दोन जाती: काठाजवळच्या खडकांतले पिवळे, आणि वीस वाव खोलीवरून आणलेले निळे. पिवळे दगड खरवडत, एकमेकांना हुसकावत मजेत फिरत होते. निळे थोडेच उरले होते आणि तळाशी कलंडून पडले होते.

तिने हातमोजे चढवले, श्वास रोखला आणि बादलीतला एक मासा उचलला. कल्ल्यामागे, परापाशी, टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. दाबल्यावर त्यातून पिवळा पू आला. दुसरा मासा, तिसरा, दहावा. सगळे निळे. सगळ्यांना त्याच जागी भोक.

विसाव्या माशानंतर तिने हातमोजे ओढून काढले. ती ओकायला शेडमागे धावली. तिथे एक निळा पिंप आडवा पडला होता, अंगाला बोटाएवढी भोकं पाडलेला. आत गवतावर कोंबडी बसली होती. लिनिलीला पाहून ती फिस्कारून अर्धवट उठली. तिच्या पंखांखालून दोन ओली पिल्लं डोकावली. तिसऱ्याने अंड्याला आतून नुकतीच चोच मारली होती.

लिनिलीने तोंड पुसलं आणि परत आत गेली.

"एस्नार्ट, ब्लीच कशाला लागतं?"

"जाळ्यांना. प्रत्येक टाकीचं जाळं वेगळं. वापरलं की ब्लीचमध्ये बुडवायचं, धुवायचं, उन्हात टांगायचं. एका टाकीतली पीडा दुसरीत जायला नको."

"टाकीत ओतलंस?"

"नाही."

"नवीन मासे आले त्या दिवशी काय केलंस?"

"रविवारी संध्याकाळी आले. मिठाच्या पाण्यातून काढले, टाक्यांत सोडले. मंगळवारी पहिला मेला. मेला की लगेच काढायचा, अर्धं पाणी बदलायचं, रोज. यापेक्षा जास्त माणूस काय करणार?"

"आदल्या दिवशी, शनिवारी, तू इथे होतीस?"

"नव्हते. धाकट्या बहिणीचं लग्न होतं."

"मासे कशाने मेले असं वाटतं तुला?"

एस्नार्टने सरोवराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला बोलता येत नाही, डॉक्टरबाई."

काठावर होडीत जाइलोसी बसला होता. केंद्राचा सगळ्यात जुना पाणबुड्या, आणि एस्नार्टचा सख्खा मामा. पुढ्यात भाचीने आणून ठेवलेलं ताट, मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा आणि त्यावर सुकी मासळी. डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती आणि ती पिवळी झाली होती. जाळ्याला जुन्या रबरी चपलांचे तुकडे तरंगण्यासाठी बांधले होते, त्यातल्या एकात बारीक गंजकी सुई खोचलेली होती.

"ये लेकी, बस. जेवणार?"

"नको, मामा. हाताला काय झालं?"

"मांगुराचा काटा. होईल बरं."

"निळे मासे तुम्हीच आणलेत ना? कसे आणता?"

म्हातारा खुलला. "सोपं नाही ते. खोलातला मासा एकदम वर ओढला तर पोटातली हवा फुगते, उलटा होतो बिचारा. म्हणून भोकांच्या पिंपात भरायचा आणि दोराने रोज थोडा थोडा वर घ्यायचा. तीन दिवस. होडीतच झोपायचं, डास खायचे."

"यावेळीही तसंच केलंत?"

"तसंच. गुरुवारी पकडले, रविवारी काठावर आणले."

"असे पिंप किती आहेत?"

"एकच. शेडमागे पडलाय बघ. का गं?"

लिनिलीच्या नाकात चिंधीचा वास शिरला. बादल्यांचा वास तोच होता. तिने चिंधीच्या त्या हाताकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि तिला अशी शिसारी आली की आल्या पावली ती मागे फिरली.

बाराला पोलीस हवालदार आला. लिनिलीने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"म्सिस्कासाहेब, ब्लीच निवडून मारतं का?"

"म्हणजे?"

"एकाच टाकीत, एकाच पाण्यात पिवळे आणि निळे. विष असतं तर पिवळेही त्याच दिवशी उताणे पडले असते. त्यांचा एक खवलाही हललेला नाही. म्हणजे पाण्याचा दोष नाही. निळे इथे आले तेच मरण अंगात घेऊन."

"आजारी मासे पकडले असतील," म्सिस्का पुटपुटला.

"आजार सरोवरातला नाही. प्रत्येकाच्या अंगात कुणीतरी सुई घुसवलीय. वर येताना फुगलेल्या माशातली हवा काढायला सुई लावतात, ते मलाही माहीत आहे. एखादाच मासा, नवी सुई, उकळलेलं पाणी. इथे एकच गंजकी सुई सगळ्यांना टोचत नेली. पहिल्याची घाण शेवटच्यापर्यंत. पण पिंपातून तीन दिवसांनी वर आलेला मासा फुगतच नाही. मग टोचायची वेळ का आली?"

जाइलोसी म्हणाला, "पिंपातूनच आणले मी. शप्पथ."

"त्या पिंपात आज कोंबडीची पिल्लं बाहेर येतायत, मामा. कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवते. तुमचे मासे नऊ दिवसांपूर्वी आले. कोंबडीला घेऊन बुडी मारलीत का?"

हवालदार हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"शनिवारी तुमच्या धाकट्या भाचीचं लग्न होतं. दोन्हीकडचे मामा समोरासमोर बसल्याशिवाय लग्न लागत नाही. तुम्ही मांडवात होतात, गाव साक्षीला आहे. होडीत तीन दिवस झोपलं कोण? रविवारी सकाळी बुडी मारलीत, मासे सरळ वर ओढले आणि होडीत बसून टोचले. एकदा सुई तुमच्याच अंगठ्यात गेली. सोडा ती चिंधी."

जाइलोसीने हात मागे घेतला. हवालदाराने चिंधी सोडवली. अंगठा सुजून काळानिळा झाला होता, आणि मधल्या बारीक भोकातून पू वाहत होता. म्सिस्का तोंडावर हात धरून बाहेर पळाला.

"मांगुराच्या काट्याने जखम फाटते, असं गोल भोक पडत नाही," लिनिली म्हणाली. "सुई होडीतल्या चपलेच्या तुकड्यात आहे, हवालदार. हात न लावता आणा. आणि मामा, आज दवाखान्यात गेला नाहीत तर हा अंगठा कापावा लागेल."

म्हाताऱ्याचा आवाज चढला. "मग काय करणार होतो? मामाच नसता तर पोरीचं लग्न मोडलं असतं! तीन दिवस माशांपायी पाण्यात बसायचं?"

"एवढंच असतं तर मी पोटात घातलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते. पण भाचीवर आळ आला, पोलीस बोलावले, आणि तुम्ही पाच दिवस तिच्याच हातचं जेवत होडीत बसलात. बादल्यांतली घाण मी हातमोजे घालून उचलली. ही कशी उचलू?"

लिनिली एस्नार्टकडे वळली. "तुला ठाऊक होतं."

"मांडवात शेजारीच बसले होते मी," एस्नार्ट म्हणाली. "पण आमच्यात मामाविरुद्ध तोंड उघडत नाहीत. आमच्या वतीने बोलणारा तोच असतो. लग्नात तोच, भांडणात तोच, मयतातही तोच."

"ऐका!" जाइलोसी हवालदाराला म्हणाला. "घरातली गोष्ट आहे. पोर सोसेल थोडं. पोरी, सांग यांना. मला नेलं तर उद्या तुझ्या बाजूने बोलणारा कोण राहील?"

एस्नार्ट क्रेटवरून उठली.

"गेले पाच दिवस कोण बोलत होतं, मामा?"

एस्नार्टने हवालदाराकडे पाहून, कुणी विचारायच्या आधीच, लग्नाच्या दिवसापासून सगळं सांगायला सुरुवात केली.