नाव नसलेला गठ्ठा

त्या दुपारी मी काक्कनाडच्या टपरीवरून गरम पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, घेऊन ऑफिसात शिरलो. माझी शाळा चौथीपर्यंत. तीस वर्षं आखातात पाइप जोडले, आणि म्हातारपणी कोचीतल्या या ऑफिसानं मला बोलावलं. संगणकाच्या पडद्यावर रेखाटलेल्या इमारतीत पाइप-तुळयांची कुठली टक्कर खरी आणि कुठली नुसती कागदावरची, हे मला नजरेनं कळायचं. जिशा नावाची मुलगी मशीन चालवायची, मी, सगळ्यांचा वर्कीचेट्टा, म्हणजे वर्कीदादा, तिच्या शेजारी बसायचो.

आखातातल्या एका हॉस्पिटलचं काम होतं. तिकडे बांधकाम चालू होतं आणि माझा जावई बिनोय, माझ्या लीनाचा नवरा, तिथेच फिटर होता. पडद्यावर पाइप तुळईत घुसलेले दिसायचे, अशा हजारो टकरी. मशीन त्यांचे गठ्ठे बांधायचं. एकाच पाइपमुळे वीस टकरी झाल्या, तर विसांचा एक गठ्ठा, वर त्या पाइपचं नाव. तो पाइप हलवला की सगळा गठ्ठा सुटायचा.

"वर्कीचेट्टा, हा वेडा गठ्ठा बघा," जिशा म्हणाली.

सात टकरी. पाइपांच्या उभ्या शाफ्टमध्ये, नवव्या मजल्यापासून तळघरापर्यंत, एकीखाली एक. एका बाजूला लोखंडी ब्रॅकेट, केबलचा ट्रे, पाइपचं तोंड. दुसऱ्या बाजूला... काहीच नाही. नावाची जागा कोरी. फक्त एक माप. पाच फूट आठ इंच.

"मशीनला ऊन लागलंय," ती पळंपोरी खात हसली. "लपवून टाकते."

"थांब, मोळे," मी त्या पोरीला म्हणालो. "एकेक दाखव."

पहिल्या दोन टकरी जवळजवळ होत्या. मग मधलं अंतर वाढत गेलं. हातातून काही सुटलं की त्याचा वेग वाढतो, तसं. आखातात मी एकदा एका सोबत्याला असं खाली कोसळताना पाहिलं होतं. एसीच्या थंडीत मला एकाएकी ओल्या सिमेंटचा वास आला.

बिनोयचा लग्नाचा सूट मी शिवून घेतला होता. त्याची उंची मला पाठ होती.

ऑफिसच्या मुख्य थॉमससाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "तिकडे काय कळवू, चेट्टा? मशीनला भास होतात म्हणून?"

जिन्यात जाऊन बिनोयला फोन लावला.

"अप्पच्चा, या वेळी? लीना बरी आहे ना?"

"बरी आहे. उद्या तुझं काम कुठे?"

"शाफ्टमध्ये. नववा मजला."

"जाऊ नकोस, बाबा."

"का?"

"पोट दुखतंय म्हण. तुझ्या पाया पडतो..."

"पाया कसले पडता! बरं, बसतो पोट धरून. फोरमन मला नाटकातच घेईल," तो हसला. पण त्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा तिथेच होता. टकरी सातच. माप तेवढं बदललं होतं.

पाच फूट एक.

मी तिथूनच फोन लावला.

"बिनोय, तुझ्या जागी कोण गेलंय?"

"टेकबहादूर. तो बुटका नेपाळी हो. आम्ही त्याला अर्धा मजला म्हणून चिडवतो. का, अप्पच्चा?"

"त्याला बाहेर काढ... पळ!"

फोनमध्ये धावणारी पावलं, लोखंडी जिना, धाप. मग एका खोल जागेतून, एकामागून एक, आवाज आले. मी मोजले.

सात.

पडद्यावरून गठ्ठा आपोआप गेला. जिशा रडत होती.

गठ्ठा सुटला की मशीन त्याखाली एक ओळ लिहितं, कुणी हलवलं आणि कधी. मला इंग्रजी येत नाही. पण माझं नाव मी ओळखतो. त्या मशीनला मी कधी बोटही लावलं नव्हतं.

ओळीत लिहिलं होतं, वर्की. वेळ कालची, दुपारची चार वाजून दहा मिनिटं. जिन्यात मी फोन ठेवला, ती.