एकच टकटक

रात्री दारावर एकदाच टकटक झाली, तर दार उघडायचं नाही. दुसरी होईपर्यंत गप्प बसायचं. का, ते विचारायचं नाही. ग्रीसमधल्या खिओस बेटावरच्या त्या घरात स्मराग्दा हे लहानपणापासून ऐकत आली होती.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. उरलेसुरले पाहुणे दुपारच्या बोटीने गेले होते. चादरी धुऊन धुऊन तिचे हात सोलवटले होते. जेवणं झाल्यावर वडिलांनी, पांदेलिसनी, भाड्याच्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्यापुढे ठेवल्या.

"पुढच्या उन्हाळ्यापासून तूच चालव हे घर. पण नियम पाळणार असशील तरच."

"असला बिनडोक नियम?"

"अथेन्सला शिकवलंस ना पोरीला? भोग आता!" शेजारचे म्हातारे लिनार्दोसकाका पांदेलिसना म्हणाले. मग अंजिराच्या दारूचा घोट घेऊन तिच्याकडे वळले. "ऐक. तुझ्या आजोबांची गोष्ट आहे, खरी. ते पाहुण्यांना फिरवायला गेले होते. नेहमीचंच. होडीतून गुहा दाखवल्या, काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पोहणं झालं, शेवटी कड्यावरून सूर्यास्त. दमून परतले आणि इथेच बाकावर आडवे झाले. मध्यरात्री टकटक झाली. एकच. ते उठले नाहीत. दुसरी झालीच नाही. पण दाराला काहीतरी घासत होतं... खाली. अगदी खाली. मग तेही थांबलं. सकाळी दारावर हाताच्या पंजाचा ठसा. मिठाचा. पांढरा. गुडघ्याएवढ्या उंचीवर... उघडलं असतं तर?"

स्मराग्दा पुढे झुकली.

"काका, सूर्यास्त बघून सगळे परतले होते?"

"एक डच मुलगी... आम्हाला वाटलं, पहाटेच्या बोटीने गेली असेल."

"आणि तिची बॅग?"

काकांनी पांदेलिसकडे पाहिलं.

"वर होती. खोलीत."

"म्हणजे ती कड्यावरून समुद्रात पडली होती! भिजलेली, रांगत दारापर्यंत आली होती. आणि तुम्ही इतकी वर्षं तिला भूत म्हणताय?"

"पोरी, हळू बोल..."

तेवढ्यात दार वाजलं.

एकदाच.

स्मराग्दा उठली.

"बस खाली," पांदेलिस कुजबुजले. "दुसरी होऊ दे."

"दुसरी टकटक करायचं त्राणच नसेल तर?" तिने किल्ल्या त्यांच्याकडे सरकवल्या. "ह्या ठेवा तुमच्याकडेच. या अटीवर मला घर नको."

तिने कडी काढली. गल्लीत कोणी नव्हतं. वारा नव्हता. तरी उन्हाळाभर दर पाहुण्याला म्हणायची, त्याच थकल्या आवाजात ती म्हणाली,

"ये. आत ये. दमली असशील."



मग वर, रिकाम्या खोलीत, पलंग करकरला... कुणीतरी खूप चालून येऊन टेकावं, तसा.