खेळातला चौथा गडी

"इकरा, हललीस! बाद!"

"मी कुठी हलली? ओढणी हलली!"

मोहाच्या झाडाखाली खेळ रंगला होता. ईद आटोपून इकरा आणि तिचा धाकटा भाऊ तौसीफ चंद्रपूरहून सिंदेवाहीजवळच्या गावी, इकराच्या वर्गमैत्रिणीकडे, चंद्रपूरच्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या रंजीताकडे, सुट्टीला आले होते. एकानं पाठ फिरवायची, बाकीच्यांनी दबकत पुढे यायचं. तो वळला की थिजायचं. इकरानं खेळाला नाव दिलं होतं 'स्टॉक'.

"स्टॉक तर दुकानात राह्यते!" तौसीफ म्हणाला.

"तो वेगळा, येडा! हा म्हणजे सावजामागं लपतछपत जाणं. चोरी करण्याला इंग्रजीत स्टील म्हणतात ना, त्याच्याच घराण्यातला शब्द. हजार वर्षांचा जुना!"

"आपण नाई का चोरपावलं म्हणत? तिकडंही चोरच निंगाला!" रंजीता हसली.

"हो ना. अन् चोराले कोणी पाह्यलं, का त्याचं काम फसलं," इकरा म्हणाली.

रंजीतानं पाठ फिरवली. वानरं सकाळपासून खेकसत होती, ती आता जवळच ओरडली. रंजीता गर्रकन वळली. इकरा एका पायावर थिजलेली. तौसीफ दात काढून थिजलेला. आणि त्यांच्या मागे, पिवळ्या गवतात, चौथा गडी थिजलेला!

वाघ!

वाघ मुलांकडे पाहतच नव्हता. पलीकडच्या झाडाखाली रंजीताचे बाबा, सोमाजी, ओणवे होऊन मोहफुलं वेचत होते. पाठ गवताकडे, खिशातल्या मोबाइलवर गाणं मोठ्यानं सुरू! "एकटं जाऊ नका, एकानं पहारा द्या," असं वनरक्षक इंदुताईंनी किती बजावलं होतं!

"बाबा!" तिची हाक गाण्यात विरली.

वाघानं पाऊल उचललं. इकरा आणि तौसीफनं हळूच मान वळवली. तीन नजरा एकदम पडल्या, तसं ते पाऊल अधांतरीच राहिलं.

"डोळे हटवू नोको," इकरा कुजबुजली. "पळू पण नोको."

ओणवा माणूस वाघाला चौपाया वाटत असेल, रंजीताच्या मनात आलं! बाबा उभे राहायला हवेत. पण कसे? या शेतात बसून बोललं की रेंज जाऊन फोन कटायचा. म्हणून रिंग वाजली की बाबा ताडकन उठायचे.

"इकरा, मोबाइल!"

इकरानं न वळता तो मागे दिला. गाणं थांबलं. रिंग वाजली. सोमाजी उठून उभे राहिले!

"हॅलो?"

"बाबा, मी! खाली बसू नका! मागं पाहा, अन् तसंच पाहत आमच्याकडं या!"

सोमाजी वळले आणि पांढरेफटक पडले. तौसीफनं मोहफुलांसाठी आणलेला डबा बडवायला सुरुवात केली, तिघं बेंबीच्या देठापासून ओरडली. वाघानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तो जंगलात शिरला. गवताची काडीही वाजली नाही!

बातमी कळताच इंदुताई आल्या, ठसे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "सोमाजीभाऊ, वाघ आहे म्हणून वानरं सकाळपासून सांगून राह्यली होती. तुमी गाणी ऐका! या पोरांनी तुमाले आज मरणाच्या दारातून परत आणलं. शाबास रे!"

सोमाजींनी रंजीताचा हात धरला. एरवी तेरा वर्षांच्या रंजीताला मैत्रिणीसमोर लाज वाटली असती. आज घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.