साडेचार बोटांची ग्वाही

अर्धं मधलं बोट.

वेलदोड्याचा पाव, फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट.

काच पुसा. पॅड पुसा. सुई हिरव्यात येईपर्यंत थांबा. आल्यावरही थांबा.

बंदरातला बर्फ सरकल्याचा आवाज, तळघरात कुणी कपाट ओढावं तसा.

पारदर्शक फिल्मचा तुकडा, चार ठिकाणी गोल ताणलेला.

*

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, लॉइस हाकाला अमेरिकेतल्या डुलुथ बंदरावरच्या काचेच्या कारखान्यात आली, तेव्हा व्हर्न निएमी एकटाच होता. तिच्या पुढच्या खोलीची काच थंडीनं तडकली होती. काच दुसरीकडेही मिळाली असती. पण अकरा महिन्यांपूर्वी तिचा नवरा लेनर्ड याच छपराखाली गेला होता, आणि तिला काहीतरी विचारायचंय, हे व्हर्नला तिच्या हातातल्या पावावरूनच कळलं.

"खा आधी," ती म्हणाली. "किती वाळलायस. लेनर्डनं काचेऐवजी तुलाच बसवला असता माझ्या खिडकीत."

व्हर्न हसला.

यंत्र साधं होतं. छताच्या तुळईवरून लोंबणारी चौकट आणि तिला रबराचे चार पॅड. पंप हवा ओढून घेतो, पॅड काचेला चिकटतात, दाबमापकाची सुई हिरव्या भागात येते, मग उचलायचं. पण या दोघांची एकोणीस वर्षांची आणखी एक रीत होती. बटणापाशी उभा असलेला व्हर्न विचारायचा, "सुई?" लेनर्ड सुई बघायचा, काचेवर डावा पंजा टेकवून एक हिसका द्यायचा आणि म्हणायचा, "धरलंय." त्याचं मधलं बोट कधीकाळी काच कापताना अर्धं गेलं होतं. साडेचार बोटांची ग्वाही आहे, चालवून घे, असं म्हणायचा तो. पुढे पुढे व्हर्न शब्दही ऐकेनासा झाला. पलीकडून आवाज आला की बटण दाबायचं.

मार्चमधल्या त्या सकाळी नव्या काचेवरची प्लास्टिकची संरक्षक फिल्म तशीच राहिली होती. सुई हिरव्यातच होती. ती खोटं बोलत नव्हती. पॅडांनी घट्ट धरलं होतं, पण फिल्मला. काच डोक्याच्या उंचीवर गेली, फिल्म सोलून निघाली आणि काच लेनर्डवर आली.

चौकशीला आलेल्यांना व्हर्ननं सांगितलं, लेनर्डनं तपासलं होतं, 'धरलंय' म्हणाला होता. अहवालात तसंच उतरलं.

"नव्या फ्रिजवरची फिल्म दुकानातच सोलली होती त्यानं," लॉइस म्हणाली. "दुकानदार अंगावर आला होता. असा माणूस फिल्म काढायला विसरेल, व्हर्न? आमची डार्लीन अजून बापावर चिडलेली आहे. स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला म्हणते. थडग्यावर गेली नाही एकदाही."

व्हर्न म्हणाला, तुझी काच उचलतो आधी.

काच सकाळीच पेटीतून काढलेली, मांडणीला उभी टेकलेली. फिल्म नाही ना, म्हणून त्यानं चारही कोपरे नखानं खरवडून पाहिले. काच पुसली, पॅड पुसले. लॉइसला जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं. पॅड टेकवून पंप सुरू केला. सुई चढली. सवयीनं तोंडून निघून गेलं, "सुई?"

काचेला हिसका बसला. एकच, हलका.

त्यानं उचललं नाही. सोडायची दोन्ही बटणं एकदम दाबली, नियमाप्रमाणे. पंप थांबला.

सुई हिरव्यातच.

त्यानं पंपाची नळी उपटून काढली. सुई हिरव्यातच.

"काय झालं?" म्हणत लॉइस पट्टा ओलांडून काचेपाशी आली. आत गारठा होता. तिच्या श्वासाची वाफ काचेवर बसली.

पॅडांचे ठसे काचेवर राहतात. एरवी दिसत नाहीत, वाफ धरली की उमटतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात, फोन करतात. गोल ठशांची व्हर्नला सवय होती.

हा गोल नव्हता.

चार पॅडांच्या मधोमध डावा पंजा होता. मधलं बोट अर्धं.

लॉइसनं हातमोजा काढला. त्या पंज्यावर आपला पंजा ठेवला, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"कोमट आहे," ती म्हणाली.

"लॉइस," व्हर्न म्हणाला, "तो 'धरलंय' म्हणाला नव्हता. मी खोटं सांगितलं."

तिनं मान वळवली नाही. "मग काय म्हणाला?"

सुई किंचित उतरली. हिरव्याच्या काठाशी आली आणि थांबली.

"काहीच नाही," व्हर्न म्हणाला.

सुई परत चढली.

लॉइसनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. मग पुन्हा केला.

"व्हर्न," ती हळूच म्हणाली.

मार्चमधल्या त्या सकाळी लेनर्ड म्हणाला होता, "थांब, फिल्म आहे."