सोबतीचा दगड

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझ्या मेधामावशीला खोटं बोलताच येत नाही. बोलायला गेली की कान लाल होतात. हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्या कानांकडेच बघत होते...

कान लाल झाले नाहीत.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या धारला, मावशीच्या घरी, शनिवारच्या संध्याकाळी सुरू झालेली.

मावशी शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. ती आणि तिची मोठी बहीण, आमची अक्का, दोघीच राहायच्या. दिवाळीच्या आधी अक्का गेली. त्यानंतर मावशी दोन कप चहा टाकायची आणि एक ओतून द्यायची. सवय मोडत नव्हती.

तिरला गावाच्या पुढे भेरूटेकरी नावाचा डोंगर आहे. फार उंच नाही. पायऱ्या नाहीत, गर्दी नाही. वर शेंदूर फासलेला भेरू, म्हणजे भैरव, आणि एक विटका झेंडा. अक्काला तिथे एकदा जायचं होतं. थंडी पडली की जाऊ, म्हणता म्हणता तिचे गुडघे गेले आणि मग तीही गेली.

म्हणून मावशीने बेत आखला. ती, शेजारची श्रिया आणि शाळेतले भूपेंद्र सर. सरांची गाडी होती. दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी कुटून झाली. घरात कितीतरी दिवसांनी भांड्यांचा आवाज झाला.

एक काम मात्र राहिलं होतं.

आमच्या घरात तिघं मिळून कुठे निघत नाहीत. निघायचंच असेल तर एक दगड बरोबर घेतात. तो चौथा. हा नेम अक्काचा. ती बजावून सांगायची, "घरी आलं की होता तिथे परत ठेवायचा. बरोबर नेलेल्याला वाटेत सोडायचं नाही."

मावशीने तुळशीच्या कुंडीतला एक गुळगुळीत दगड उचलला. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, सॉरी ना. मामाकडचे सगळे अचानक आ गए. मी नाही येऊ शकत."

श्रिया गळाली.

थोड्या वेळाने भूपेंद्र सर. "दीदी, म्हारी छोरी के बुखार अइग्यो. अगले संडे चलते हैं ना?"

मावशी म्हणाली, "हो हो, काही हरकत नाही." फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिली. डब्यात तिघांच्या दशम्या होत्या. तिला रडू आलं.

मग ती दगड कुंडीत ठेवायला उठली. आता तिघं नव्हते, चौथ्याचं काम नव्हतं.

पण हातातला दगड तिने ठेवला नाही. त्याच्याकडे बघून म्हणाली,

"चल. आपण दोघीच जाऊ."

तिची चूक झाली असेल तर ती इथे...

सकाळी ती जीपने पायथ्याशी उतरली. तिथे भवानीबाईची चहाची टपरी आहे.

"एकला चाल्या कईं, बैन?" भवानीबाईने विचारलं.

एकटी आहे म्हणायची मावशीला लाज वाटली. "नहीं, है ना साथ में," म्हणाली आणि चढायला लागली.

खाली टिटव्या ओरडत होत्या. पहिलं वळण गेलं आणि...

सगळं गप्प झालं.

वारा नाही. पाखरू नाही. वाटेवर सागाची वाळलेली पानं पडली होती. तिचं पाऊल पडलं की चुरचुरायची.

चुर्र... चुर्र...

आणि मागे, जरा अंतरावर, अजून एक. चुर्र...

मावशी थांबली. मागचा आवाज एक पाऊल जास्त पडला. मग थांबला.

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

तुमची-माझी बोबडी वळली असती. मावशीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं! तिने चाल हळू केली, मागच्याला गाठता यावं म्हणून. मग ती बोलायलाच लागली. शाळेचं, नळाला पाणी येत नाही त्याचं, अक्काच्या औषधांची पिशवी अजून टाकवत नाही त्याचं. दीड महिन्यात ती एवढं बोलली नव्हती.

वर पोचल्यावर तिने दगड भेरूच्या ओट्यावर ठेवला. त्याच्यापुढे कागदावर एक दशमी वाढली. समोर बसून स्वतः जेवली.

"आलीस बघ शेवटी," ती म्हणाली.

ऊन कलायला लागलं तसं तिला परतीच्या जीपचं आठवलं. शेवटची जीप चुकली तर पंचाईत. घाईघाईने डबा भरला, बॅग पाठीला मारली आणि उतरायला लागली.

उतरताना पाखरं ओरडत होती. वारा होता. पानं चुरचुरत होती, पण फक्त तिच्याच पायाखाली.

तिला एकदम फार एकटं वाटलं. का ते कळेना.

खाली जीप उभी होती. भवानीबाई कप विसळत होती. मावशीकडे बघितलं, मग तिच्या मागे वाटेकडे. हात तसाच राहिला.

"वा दूसरी कां रइगी?" ती दुसरी कुठे राहिली, असं विचारत होती.

"दूसरी कौन?"

"थांका पीछे-पीछे तो गई थी, बैन. उघाड़े पग. भाटा-भाटा पे कूदती."

अनवाणी. दगडादगडावरून उड्या मारत.

मावशीने बॅगेच्या कप्प्यात हात घातला...

कप्पा रिकामा होता.

दगड वर ओट्यावरच राहिला होता.

जीपवाल्याने हॉर्न दिला. मावशीने डोंगराकडे पाहिलं. पुन्हा चढायचं तर उतरेपर्यंत अंधार. ती जीपमध्ये बसली. गाडी हलली, आणि वरून हाक आली...

"ए मेधे... थांब गं..."

तिला मेधे म्हणणारं एकच माणूस होतं.

ही हाक तिच्या मनातली, असं मीही म्हटलं असतं. पण भवानीबाईने मान वर केली होती. तिने कप तसेच टाकले आणि टपरीचं फळकूट ओढून घेतलं.

मावशी धारपर्यंत रडत आली.

तुळशीच्या कुंडीत दगडाच्या जागी खळगा आहे. मावशी रोज त्यात माती ओढते. सकाळी तो पुन्हा तसाच असतो आणि त्यात सागाचं एक वाळलेलं पान असतं. तिच्या गल्लीत सागाचं झाड नाही. मी स्वतः फिरून पाहिलंय.

मावशी म्हणते ती अक्काच होती. आपण तिला नेलं आणि डोंगरावर एकटी टाकून आलो. हेच तिला खातंय.

पण अक्का शेवटी शेवटी काठीशिवाय मोरीपर्यंत जात नव्हती. आणि अनवाणी? घरातसुद्धा ती चपला घालायची. मग भवानीबाईने पाहिली ती कोण? आणि अक्काची हाक तिला कशी माहीत?

हे मी मावशीला विचारलेलं नाही. विचारून काय करू? दुसरा कप आता ती ओतून देत नाही. झाकून ठेवते.

परवा तिचा फोन आला. आवाज किती दिवसांनी आनंदी होता.

"मोना, येत्या रविवारी भेरूटेकरीला जायचं. श्रियाला नको, सरांना नको. तू आणि मी."

मी हो म्हटलं. तिला नाही कसं म्हणणार?

"आणि हे बघ, इंदूरहून येताना एक दगड घेऊन ये."

"दगड कशाला? आपण दोघीच तर आहोत."

"जाताना दोघी," मावशी म्हणाली.

"येताना तिघी होऊ ना..."

आमच्या बिल्डिंगखाली बांधकामाच्या खडीचा ढीग पडलाय. रोज त्याच्या शेजारून जाते. उद्या शनिवार आहे, आणि मी अजून वाकलेली नाही.