टाचेखालचा हात

कपाटाची किल्ली आप्पांच्या खिशात राहिली होती आणि गिऱ्हाईक दुकानात ताटकळत उभं होतं. एवढ्याशा कारणासाठी ती त्या संध्याकाळी नदीवर गेली. एरवी तिनं नदीकडे पाठ फिरवली होती, ती फिरवलीच होती.

दुकान चढावर होतं. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. आप्पा म्हणजे तिचे सासरे. ते जोडे शिवायचे, सारी हयात त्यात गेलेली. नजर अधू झाली तसं मशीनवरचं काम तिनं उचललं. माप घ्यायचं काम मात्र आप्पांनी कुणाला दिलं नाही. एक तळवा टाचेखाली, दुसऱ्या हाताचा अंगठा घोट्याच्या वर, आणि गिऱ्हाइकाचा पाय असा अलगद वर यायचा की त्याला आपला पाय उचललाय हेसुद्धा कळायचं नाही. "पाय अंड्यासारखा धरावा," ते म्हणायचे. "दाबला की फुटला."

त्यांच्या मुलानं आरीला कधी हात लावला नाही. तो पाणबुड्या झाला. पुलाच्या खांबांची पाण्याखालची डागडुजी करायचा. "माझ्या पोरानं असा धंदा धरला की ज्यात जोडेच लागत नाहीत," आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "बापाच्या पोटावर पाय आणला, तोही अनवाणी!" आणि स्वतःच खदखदून हसायचे.

गेल्या वर्षी, नदीचं पाणी अजून गढूळ होतं तेव्हा, तो मधल्या खांबापाशी उतरला आणि वर आलाच नाही. नावेतल्या माणसांनी दोरी ओढली, ती हलकी होऊन हातात आली. चार दिवस शोधाशोध झाली. हाती लागला तो पोहताना पायात घालायचा एक रबरी पंजा. त्याची एक कड अर्धचंद्रासारखी कापली गेली होती.

मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्यानं तो पंजा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. "बुल शार्क," तो शेवटी म्हणाला. "मुशीचीच एक जात. पण हिला गोडं पाणी मानवतं. समुद्रातून नदीत शिरते आणि शेकडो मैल वर येते. गढुळात दिसत नाही. आधी नाकानं ढुशी देऊन बघते, आणि मग..." पुढचं त्यानं गिळलं. समोर सून उभी होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

देह मिळाला नाही. ती मुशी समुद्राकडे परतली असणार, आणि तोही तिकडेच गेला असणार, असं लोक हळू आवाजात बोलले. पुढच्याच महिन्यात मुलगी झाली. आप्पा तिला चिमी म्हणू लागले आणि तेच नाव रुळलं.

चिमी रांगायला लागली त्या सुमारास आप्पांनी ते नवीन खूळ काढलं. रोज उन्हं कलली की घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसायचं, पोटऱ्यांपर्यंत पाय पाण्यात सोडायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचं.

"आप्पा, पाण्यात उतरू नका अशी पाटी लावलीय तिथे," ती म्हणायची.

"उतरतो कुठे? पाय तर भिजवतो."

"घरात परात भरून देते ना गरम पाणी."

"परातीत काय मजा आहे, पोरी?" असं म्हणून ते काठी घेऊन निघायचे. म्हाताऱ्या माणसाला अडवायचं तरी किती? पण त्या आठवड्यात पलीकडच्या काठावर पाणी प्यायला उतरलेल्या रेडकाचा पाय कुणीतरी गुडघ्यापासून तोडून नेला होता, आणि तेव्हापासून ते परत येईपर्यंत ती दारापाशीच घुटमळायची.

तर त्या संध्याकाळी चिमीला शेजारच्या मावशींकडे ठेवून ती उताराला लागली. जाऊन किल्ली घ्यायची, म्हाताऱ्याला दोन शब्द सुनवायचे आणि हाताला धरून वर आणायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

घाटावर चिटपाखरू नव्हतं. पाणी चहासारखं तांबूस आणि अगदी संथ. एकही नाव जात नव्हती, तरी शेवटच्या पायरीवर पाणी आपटत होतं. चळप... चळप... कुणी ओल्या हातानं दगड थोपटावा तसं. शेवाळाचा आणि चिखलाचा वास नेहमीचाच होता. पण त्यात आज आणखी एक वास मिसळला होता. तिला तो चटकन ओळखू आला नाही. मग आठवलं. लग्नानंतर एकदा तो तिला समुद्र दाखवायला घेऊन गेला होता. तिथल्या वाऱ्याला असा वास होता.

आप्पा पाठमोरे बसले होते आणि कुणाशी तरी बोलत होते.

"...दोन दात आलेत. खालचे. माझं बोट असं चावते म्हणून सांगू!"

मग ते थांबले. समोरचा माणूस बोलताना आपण थांबतो, तसे. आणि मान हलवून हसले.

"छे रे. आईवर गेलीय सगळी. नाक तेवढं तुझं."

वरच्या पायरीवर तिचं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. "आप्पा..." ती कशीबशी म्हणाली.

ते दचकले नाहीत. "आलीस? बस."

"किल्ली हवीय. आणि आधी पाय वर घ्या बघू."

"घेतो. त्याचं झालं की."

"कुणाचं?"

"हळू बोल गं..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चेहरा असा उजळला होता की वर्षभरात तिनं तो तसा पाहिला नव्हता. "माप घेतोय माझं. रोज घेतो. लहानपणी मी कितीही डोकं फोडलं तरी शिकला नाही लेकाचा. आता बघ कसा धरतो... अंड्यासारखा."

तिनं पाण्यात पाहिलं. पोटऱ्यांच्या खाली काहीच दिसत नव्हतं. आप्पांचे पाय त्या तांबूस पाण्यात शिरत होते आणि पुढे जणू नव्हतेच. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, तिच्या मनात आलं. ती खाली उतरली, त्यांच्या बगलेत हात घातला आणि ओढलं.

आप्पा काडीसारखे हलके झाले होते. तरी ते जागचे हलले नाहीत. त्यांना कुणी जखडून ठेवलं होतं असंही नाही. झोपलेलं मूल एकाच्या कुशीतून दुसऱ्यानं घेऊ पाहावं आणि पहिल्याला ते सोडवू नये, तशी ती ओढ होती. खालून, मऊ, जराशी हट्टी. तो हट्ट तिच्या ओळखीचा होता. सकाळी कामाला निघताना तिचा हात तो असाच सोडायचा नाही.

तेवढ्यात बेडूक गप्प झाले.

पात्राच्या मध्यावर पाण्याला फुगवटा आला होता. तो प्रवाहाच्या उलट चालला होता. फेस नाही, आवाज नाही, वर आलेला पाठीवरचा पर नाही. नुसता एक गुळगुळीत उंचवटा, आणि तो वळला. वळून सरळ पायऱ्यांच्या रोखानं यायला लागला.

"आप्पा... पाय! पाय घ्या वर!"

आणि आप्पांचे पाय वर आले.

आप्पांनी ते उचलले नाहीत. त्यांचे गुडघे कित्येक वर्षांत इतके वाकले नव्हते. आधी उजवा पाय पाण्यातून बाहेर आला. टाचेखालची सुरकुतलेली कातडी सपाट झाली होती, एखाद्या तळव्यावर टेकल्यासारखी, आणि घोट्याच्या वर अंगठ्याएवढा खळगा पडला होता. पाय अलगद कोरड्या पायरीवर ठेवला गेला. मग डावा. घाई होती, पण धसमुसळेपणा नव्हता. त्याच क्षणी खालची ओढ सुटली आणि ती आप्पांना घेऊन मागे कोलमडली.

पायरी हादरली. पाण्यातून एक रुंद, बोथट, करडं तोंड वर आलं, आप्पांचे पाय होते त्याच जागी. बटणाएवढा डोळा. दात दगडावर करकरले. तो आवाज तिच्या हिरड्यांपर्यंत गेला. मग शेपटीचा एक तडाखा, दोघांना भिजवून टाकणारं पाणी, आणि पुन्हा सगळं संथ.

बराच वेळ दोघं तशीच पडून होती.

"गेली?" आप्पांनी विचारलं.

"गेली..."

"तो तिच्या पुढेच असतो बघ." ते धापा टाकत होते, पण आवाज शांत होता. "जिथे ती जाते, तिथे आधी हा. आधी हा येतो, मग ती."

ती उठून बसली. इथून आप्पांना घेऊन पळावं असं शरीर सांगत होतं. पण पाय निघेना. वर्षभर ती या नदीशी एक शब्द बोलली नव्हती. मुलगी झाली तेव्हा नाही, बारसं झालं तेव्हा नाही. आता तिचे ओठ आपोआप हलले.

"अहो..." ती पाण्याकडे बघून म्हणाली. "बरी आहे हं चिमी. रात्रीची रडत नाही आता. मीही... मीही नाही रडत फारशी."

पायरीशी पाणी अंगठाभर वर चढलं, क्षणभर तसंच राहिलं आणि उतरलं.

गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं. घरी आल्यावर तिनं आप्पांना खुर्चीत बसवलं आणि त्यांचे पाय पुसायला टॉवेल घेतला. पाय वाऱ्यानं वाटेतच वाळले होते. घोट्यांभोवती आणि टाचांवर पांढरी, खरखरीत पुटं धरली होती. तिनं बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

मीठ.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "आज नको धुऊस."

तिनं दुसऱ्या दिवशी मत्स्यखात्यात जाऊन मुशीचं तेवढं सांगितलं. बाकीचं सांगून वेड्यात कोण निघणार? घाटाला लोखंडी फाटक बसलं, पुलापाशी जाडजूड जाळं लागलं आणि पंधरवड्यात एक मुशी त्यात सापडलीही. सगळं गाव बघायला लोटलं. अधिकारी घाम पुसत म्हणाला, "ही सापडली, चांगलं झालं. पण एकच होती असं मी लिहून देणार नाही."

फाटक बसलं म्हणून आप्पा रुसून बसतील, असं तिला वाटलं होतं. पण ते संध्याकाळी चिमीला मांडीवर घेऊन दारात बसू लागले. जेवायला लागले. अंगावर थोडं मांससुद्धा चढलं.

"आप्पा, करमतं ना?" तिनं एकदा न राहवून विचारलं.

"न करमायला काय झालं? भेटायचं तर नदीवरच भेटावं असं थोडंच आहे?"

ती हसली. म्हाताऱ्याची समजूत, दुसरं काय.

त्यानंतरची गोष्ट. भर दुपार होती, लख्ख ऊन पडलं होतं. आप्पा पुढे दुकानात खुर्चीवर पेंगत होते. ती मागच्या खोलीत पलंगाच्या काठाशी पाय खाली सोडून बसली होती आणि एका चपलेचा अंगठा हातानं शिवत होती. शेजारी चिमी उताणी पडून पाय झाडत होती.

चिमी हसली. कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखी, खळखळून. मग तिचे पाय झाडायचे थांबले. दोन्ही पाय जोडीनं, सावकाश वर उचलले गेले. इवल्याशा टाचा खालून सपाट झाल्या होत्या. घोट्याच्या वर खळगा.

खोलीत समुद्राचा वास आला.

ती घाबरली नाही. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी तरारलं. सुई बाजूला ठेवून ती पोरीवर वाकली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "माप घेताय होय? एवढ्यात कशाला? चालायला तर लागू दे..."

पण पाय थांबले नाहीत. ते आणखी वर गेले. आता त्यात घाई होती. चिमी पाठीवरूनच मागे सरकली, पलंगाच्या काठापासून दूर, पार भिंतीपर्यंत. तिचं हसू मावळलं होतं. ती पलंगाच्या काठाखाली, जमिनीकडे टक लावून बघत होती.

बाहेर आप्पांची खुर्ची करकरली. "सूनबाई..." ते हळूच म्हणाले. "सूनबाई, अगं..."

सकाळीच झाडलेली फरशी होती. कोरडी ठणठणीत.

तिनं दोन्ही पाय उचलून पलंगावर घेतले.